पंचफुलाबाईचं थर्मामीटर

आमच्या गल्लीत थर्मामीटर एकच,
पंचफुलाबाईकडे,
चष्म्याच्या जुन्या डबीत, कापसात गुंडाळलेलं.
ती अंगणवाडीत मदतनीस होती तेव्हाचं.
न्यायला येईल त्याला ती बजावते,
"फुटलं तं पारा हातानं वेचू नोका,
अन् मले सांगाले लाजू नोका."

रात्रीचे साडेदहा, लाईन गेलेली.
करुणा माहेरी, चुलतबहिणीच्या साक्षगंधाला.
घरात मी, सुगत,
आणि त्याने दोन घोट घेऊन ठेवलेली पेज.

दिवसभर मी जिनिंगवर असतो.
कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून सांगतो
आतून तापली की नाही.
ओल्या मालाची गंजी वरून थंडच लागते,
पोटात वाफ धरते,
दुर्लक्ष केलं की रुई पिवळी.
मालक म्हणतो, खोब्रागडे, तुझा हात म्हणजे मीटर.
तोच हात पोराच्या कपाळावर ठेवला
आणि काही कळेना.
त्याचं कपाळ गरम की माझा तळवा?
उलटा हात ठेवून पाहिला. मग मानेखाली.
मग करुणा टेकवते तसे ओठ,
तर झोपेतच म्हणाला, "मिशा टोचते ना बाबा."

मग गेलो.
पंचफुलाबाईने खिडकीतूनच डबी दिली,
"आत्ताच आलं आत्रामच्या घरून."

मोबाईलचा उजेड दातात धरून
काचेची कांडी बोटांत फिरवत राहिलो.
पारा सरळ दिसतच नाही.
थोडी वळवली की चमकतो,
आणखी वळवली की गेला,
तळ्यात कूस बदलणारी मासोळी जशी.
मग सापडला.
एकशेतीनच्या पुढे दोन रेघा.

दवाखाना बारा किलोमीटर,
गाडी रिझर्व्हला,
ऑटोवाल्याला उठवावं तर तो पिऊन पडलेला असणार,
करुणाला फोन करू की नको,
एवढं सगळं होऊन गेलं
आणि मग ध्यानात आलं,
मी ते अजून लावलंच नाही.
पोरगं खाटेवर, कांडी माझ्या हातात.
हा ताप आत्रामांकडचा.

पारा आपला आपण उतरत नाही.
ज्याचा त्याने झटकायचा.
झटकला, मनगटातून, चारदा, पाचदा.
त्यांच्याकडची मोठी पोरगी असेल का?
आठवीतली,
सुगतला सायकलवर मागे बसवून शाळेत नेते ती.

बगल पुसून कांडी लावली,
त्याचा हात छातीशी दाबून धरला.
मोबाईल सात टक्क्यांवर, तो बंद केला.
वेळ मोजायला म्हटलं, पाढा म्हण.
"तेराचा म्हणू?"
"येते?"
"नाई."
"मंग येते तो म्हण."
सात एके सात. सात दुणे चौदा.
अंधारात त्याच्या बरगड्या
माझ्या बोटांखाली वरखाली.
सात नवे त्रेसष्टवर तो झोपला.
सत्तर मीच म्हटलं.

एकशेएक. फार तर एखादी रेघ कमी.
गुलाबी औषध झाकणात मोजलं,
ओल्या फडक्याची घडी उलटत बसलो,
आणि करुणा विचारेल म्हणून
कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहिलं,
१०१, रात्री अकरा.
चौकटीत आधीच तिचं अक्षर होतं:
सिलिंडर लावला.

चारच्या सुमाराला घाम आला त्याला.
उशी भिजली, बनियन भिजलं,
आणि हा माझा अंगठा धरून
कोणत्या तरी गोट्यांचा हिशोब बडबडत होता.

सकाळी डबी द्यायला निघालो,
तो जरा लांबून, आत्रामांच्या दारावरून.
सायकल भिंतीला टेकलेली.
पोरगी ओट्यावर गोधडी पांघरून बसलेली,
तोंडात ब्रश, डोळे सुजलेले.
माझ्या खिशात सुगतचा ताप तसाच,
झटकायचा राहिलेला.

"सुगत येते का आज?"
"नाई. तू?"
तिने अंगणात चूळ टाकली.
"मी बी नाई."